दोनदा वाढलेली पंगत

माझी मेस नारायण पेठेत आहे. बोर्डावर ‘घरगुती जेवण’ असं लिहिलेलं आहे आणि ते अगदी खरं आहे, कारण घरच्यासारखी बोलणीही मी सगळ्यांना खाऊ घालते. पोळी टाकून उठणाऱ्याला दारातून परत बोलावते. मोबाइलमध्ये डोकं खुपसून जेवणाऱ्याच्या ताटात दुसऱ्यांदा भाजी पडत नाही. माझ्यामागे पोरं मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. तोंडावर मावशी म्हणतात, तेवढं मला पुरतं.

जेवायला येणारी सगळी स्पर्धा परीक्षेची मुलंमुली. वाशीम, हिंगोली, यवतमाळ, बीड, कुठकुठून आलेली. कॉट बेसिसवर, म्हणजे एका खोलीत खाटेपुरतं भाडं भरून राहतात, दिवसभर अभ्यासिकेत मान मोडतात आणि जेवताना एकमेकांना राज्यघटनेतले प्रश्न विचारतात. नोकरी लागली असं यांच्यात कुणी म्हणत नाही. ‘पोस्ट काढली’ म्हणतात. खोल विहिरीतून काहीतरी वर ओढून काढावं, तसा तो शब्द ती उच्चारतात.

मला त्यांचं वेड कळतं, कारण मी त्याच वेडाच्या घरातली आहे. माझे वडील वाशीमकडे शाळेत शिपाई होते. देव आमच्या घराने छप्पन्न सालीच सोडले होते. त्यांच्या रिकाम्या जागेवर वडिलांनी परीक्षा बसवली. निकालाच्या दिवशी घरी मेणबत्ती लागायची आणि आई कुणाशी फारसं बोलायची नाही. पेपरावर आडनाव नसतं, नंबर असतो, असं वडील आम्हाला सांगायचे. सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. अख्ख्या गावात त्यांना आडनावाशिवाय दुसरी ओळख नव्हती, आणि इथे एक दार होतं जिथे कुणी ते विचारत नव्हतं. त्या दारातून माझे यजमान खडकीच्या सरकारी कारखान्यात कारकून झाले, आम्हाला क्वार्टर मिळालं, मुलगा इंजिनिअर झाला. देशाने आमच्या घराला दिलेला शब्द पाळला. हे मी कुणापुढेही छाती पुढे काढून सांगते.

यजमान गेल्यावर मी ही मेस घेतली. मुलगा बाणेरला विसाव्या मजल्यावर राहतो. तो म्हणाला, आई, तुला याची काय गरज? गरज नव्हतीच, हौस होती. सुरुवातीला काही आया आपल्या मुलांना घेऊन चौकशीला आल्या, भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो पाहिला आणि म्हणाल्या, विचार करून सांगतो. मी म्हटलं, अहो करा की, विचाराचे आमच्याकडे वेगळे पैसे पडत नाहीत. त्यांतल्या दोघींची मुलं पुढे माझ्याच वांग्याच्या भाजीसाठी लवकर येऊन जागा अडवायला लागली. यालाही मी परीक्षाच समजते आणि त्यात मी पास झाले.

माझ्या मेसची एक रीत आहे. पोस्ट काढली की त्या रविवारच्या फीस्टला मी पुरण घालते आणि पास झालेल्याने सगळ्यांना वाढायचं. टेबलं बाजूला सारायची, सतरंज्या टाकायच्या, पंगत मांडायची. साहेब झालेल्याने कमरेला माझा एप्रन बांधून, वाकून, प्रत्येकाच्या ताटात पोळी आणि तूप वाढायचं. पुढे आयुष्यभर लोक तुमच्यापुढे वाकतील, त्याआधी एकदा तुम्ही वाका, एवढाच माझा हिशोब. आणि त्या दिवसापासून मी त्यांना अहो म्हणते. कालपर्यंत ज्याला ‘अरे गाढवा, भात सांडू नकोस’ म्हणत होते, त्याला म्हणते, ‘अहो साहेब, आमटी घ्या.’ पोरं लाजतात. मला फार आवडतं ते.

पण पास होणारे किती? बाकीचे कसे जातात, ते कुणी सांगत नाही. ते दुपारी जातात. अभ्यासिकेत सगळे बसलेले असताना, मेस बंद असताना, पाठीला बॅग लावून स्वारगेट गाठतात. रात्री जेवताना एक जागा रिकामी दिसते. मी विचारते, आज खाडा का? कुणीतरी ताटाकडे बघत म्हणतं, मावशी, तो गेला. बस्स. ज्याच्याबरोबर इतकी वर्षं रोज मिठाची बरणी पुढेमागे केली, तो निरोप न घेता गेला, यावर पुढे कुणी बोलत नाही.

या पोरांतली एक मुलगी वाशीमकडची, म्हणजे माझ्याच भागातली. वडिलांचं एसटी स्टँडसमोर पंक्चरचं दुकान. आली तेव्हा बोलायची कमी आणि जेवायची जास्त, म्हणून माझं तिच्यावर लगेच मन बसलं. दोनदा मुख्य परीक्षेला गेली, दोनदा मुलाखतीच्या अलीकडे अडकली. मग एकदा यादीत तिचं नाव आलं. मेसमध्ये पोरांनी तिला खुर्चीसकट उचललं. रविवारी तिने पुरणपोळी वाढली. वाढताना तूप ताटाबाहेर पडत होतं, आणि मी म्हटलं, ‘अहो मॅडम, तूप सरकारी नाही, जपून.’ सगळे हसले. ती हसता हसता रडायला लागली.

मग ती गावी गेली आणि गावाने आमच्या लोकांची नेहमीची चूक केली. घाई केली. उघड्या जीपमधून मिरवणूक काढली, डीजे लावला, गुलाल उधळला. स्टँडवर मोठा फ्लेक्स लागला, ‘आमच्या गावच्या पहिल्या महिला अधिकारी’, आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो तिच्या फोटोपेक्षा मोठे. शाळेत सत्कार, मंदिरात सत्कार, विहारात सत्कार. शाली इतक्या झाल्या की तिच्या आईने त्यांच्या उशा शिवल्या. आमच्याकडे मुळात निकालच इतका उशिरा आणि इतक्या कमी जणांचा लागतो, की लागला की कुणाला धीर धरवत नाही. यादीत नाव येणं आणि हातात नेमणूक येणं यांत अंतर असतं, हे गुलाल उधळणाऱ्यांना कोण सांगणार?

नेमणूक आली नाही. कुणीतरी कोर्टात गेलं होतं, भरती अडकली होती. पुढच्या महिन्यात होईल, निवडणूक झाली की होईल, असं चालू राहिलं. ती पुण्याला परत आली आणि पुन्हा अभ्यासाला बसली. गावातून तिला फोन यायचे. मॅडम, आमच्या म्हातारीचा निराधारचा अर्ज अडकलाय. मॅडम, रेशनमधून नाव उडालंय. ती कुठल्या टेबलावर जायचं, कुणाला भेटायचं, सगळं नीट समजावून सांगायची. ‘तुमी कवा येणार गावाले?’ असं विचारलं की म्हणायची, ‘ट्रेनिंग सुरू आहे.’ दिवाळीला गेली नाही. पुढच्या दिवाळीलाही गेली नाही. जायचं म्हणजे एक तर खोटं बोलायचं नाहीतर गुलाल परत करायचा, आणि दोन्ही तिला जमत नव्हतं.

एकदा ताट घासायला टाकता टाकता ती म्हणाली, ‘मावशी, मला पुन्हा तू म्हणा ना.’

मी म्हटलं, ‘का गं?’

‘तुम्ही अहो म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात.’

मी तू म्हणायला लागले, पण मनातून मला राग आला. तिच्यावर नाही. ज्या दाराची माझ्या वडिलांनी इतकी महती सांगितली, त्या दाराने हिला आत तर घेतलं होतं, पण चप्पल काढायच्या जागीच उभं करून ठेवलं होतं.

त्या दिवसांत मी मुलाकडे बाणेरला जाऊन आले. तिथे संध्याकाळी खाली बायका बसतात, कुणाची मुलगी कॅनडाला, कुणाचा मुलगा जर्मनीला. पाणी कमी आलं की टँकर येतो, वीज गेली की जनरेटर चालू होतो, मुलांना शाळेची बस दारातून नेते. तिथे देशाबद्दल कुणी तक्रारसुद्धा करत नाही, कारण कुणाचं देशावाचून काही अडत नाही. आणि माझ्याकडे जेवणारी पोरं वर्तमानपत्राचा प्रत्येक शब्द देशाच्या नावाने पाठ करतात. मला त्या बायकांचा राग नाही, माझीच सून त्यांच्यात बसते. पण परत येताना बसमध्ये वाटत राहिलं, देशावर खरंखुरं प्रेम करायचं काम आपण कुणाकुणावर टाकून दिलंय.

मेसचा बाजार मी स्वतः मार्केट यार्डातून आणते. सकाळी लवकर. त्या वाशीमच्या मुलीकडे मैत्रिणीची स्कूटर असायची, म्हणून ती मला घेऊन जायला लागली. कांदा-बटाट्याच्या बाजूला माझा एक ठरलेला आडत्या आहे. जुना माणूस, बोलणं तिरकं, माल सरळ. त्याच्या गाळ्यावर एक शेतकरी त्याच्या पट्टीवरून वाद घालत होता. पट्टी म्हणजे माल किती विकला आणि त्यातून काय काय कापलं त्याची चिठ्ठी. गर्दी होती, कुणाला वेळ नव्हता. हिने ती पट्टी हातात घेतली आणि त्या माणसाला एका बाजूला नेऊन प्रत्येक ओळ वाचून दाखवली. एक चूक होती ती आडत्यालाही दाखवली. तो माणूस जाताना तिला ‘येतो मॅडम’ म्हणाला.

आडत्याने चहा मागवला आणि मला म्हणाला, ‘बाई, ही मुलगी सरकारला नको असेल तर मला द्या. आमचे दिवाणजी गावी गेले, ते तिकडचेच झाले.’

परत येताना पुलाजवळ सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली, ‘तुम्ही त्याला नकार का नाही दिलात?’

‘मी कशाला नाही म्हणू? मला कुठे नोकरी दिली त्याने?’

‘मावशी, मी तिथे बसले तर सगळे म्हणतील, हिने सोडलं. अभ्यासिकेतली मुलं माझ्याकडे बघून अभ्यास करतात. यादीत नाव येऊन हिचं हे झालं, मग आपलं काय, असं त्यांना वाटेल.’

तीच भीती मलाही होती. ही उठली तर माझी सगळी पंगत उठेल, असं मला वाटत होतं. मी एवढंच म्हटलं, ‘सिग्नल सुटला.’

पण ती आडत्याकडे कामाला गेली. तात्पुरतं म्हणून गेली. सकाळी गाळ्यावर, दुपारनंतर अभ्यासिकेत. हळूहळू अभ्यासिकेतून लवकर उठायला लागली. चेहरा भरला. जेवताना आडत्याच्या नकला करून दाखवायची. गाळ्यावर येणारे शेतकरी आता पट्टी घेतली की सरळ तिच्या टेबलाकडे जातात, असं आडत्याने मला तक्रारीच्या सुरात सांगितलं, आणि त्याला किती बरं वाटत होतं ते लपत नव्हतं.

मग एका दुपारी मी लसूण सोलत पायरीवर बसले होते आणि ती समोरून आली. पाठीला बॅग. मला त्या वेळी तिथे बघून थबकली.

‘बिबवेवाडीला खोली घेतलीय,’ ती म्हणाली. ‘गाळ्याला जवळ पडेल. पुढचा फॉर्म भरला नाही मी. जी नेमणूक यायची ती येऊ दे, नाही आली तर नाही. मी आता वाट बघत नाही.’

‘आणि मला न सांगता निघालीस.’

इतकी वर्षं इतकी पोरं अशीच गेली होती, आणि त्यांतल्या एकालाही मी पकडू शकले नव्हते. मला भयंकर राग आला. मी म्हटलं, ‘रविवारी पुरण घालते. वाढून जा.’

‘मी वाढलंय ना मावशी. तेव्हा पास झाले होते. आता काय म्हणून वाढू?’

‘काम करून खातेस म्हणून वाढ. ते काय कमी आहे? आणि वडिलांना बोलाव.’

वडिलांचं नाव काढल्यावर ती पायरीवर बसली आणि रडली. मी लसूण सोलत राहिले, कारण मी थांबले असते तर मीही रडले असते. शेवटी तिने फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी त्यांना म्हटलं, ‘रविवारी या. मुलीच्या हातचं जेवायला.’ ते म्हणाले, ‘येतो बाई.’ काय, कशासाठी, काही विचारलं नाही.

तिचे वडील ट्रॅव्हल्सच्या बसने आले. काळे पडलेले हात, धुवून इस्त्री केलेला सदरा. मी त्यांना पहाटे सरळ मार्केट यार्डात घेऊन गेले. ती टेबलाशी बसली होती, समोर दोन-तीन माणसं पट्ट्या धरून उभी होती. वडील लांबच थांबले. तिथूनच बघत राहिले. तिने वर पाहिलं तेव्हा तिच्या हातातलं पेन खाली पडलं.

ती जवळ आली आणि म्हणाली, ‘बाबा, मी ट्रेनिंगला नाही. कधीच नव्हते.’

ते म्हणाले, ‘मले मालूम आहे.’

‘कुणी सांगितलं?’

‘कोन सांगन? साहेब झालेली पोरगी ऐटीत घरी येते. तू तं येनंच बंद केलं. मंग समजलं मले.’ मग ते म्हणाले, ‘तो फ्लेक्स म्या काढला स्टँडवरून. दुकानावर टाकला, उनासाठी. तोंड आतल्या बाजूनं केलं. चाकं खोलता खोलता वर पाहिलं का तू दिसतं.’

ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. हमाल पोती घेऊन बाजूने वळसा घालून जात होते. आडत्या उगीचच वजनकाट्याकडे बघत उभा होता. मी तिथे एवढंच ठरवलं, की आज पुरणात गूळ हात राखून घालायचा नाही.

दुपारी पंगत बसली. नेहमीपेक्षा शांत. पोरांना कळत नव्हतं, टाळ्या वाजवायच्या की नाही. निकाल तर कुठलाच लागलेला नव्हता. ती एप्रन बांधून बाहेर आली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळ्यांना सांगितलं. भाषण मला येत नाही. मी म्हटलं, ‘या मार्केट यार्डात काम करतात. उद्यापासून आपल्याकडे जेवणार नाहीत. म्हणून वाढतायत. नीट बसा.’ मग तिच्याकडे वळून म्हटलं, ‘अहो, पहिली पोळी वडिलांना.’

या वेळी तूप सांडलं नाही. वडील मान खाली घालून जेवले, पोळीवर पोळी घेतली, आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, ‘पुरन झ्याक झालं बाई.’ माझे वडील असते तर त्यांनाही मी त्याच पंगतीत बसवलं असतं. ज्या दारावर त्यांचा जीव होता ते आता किती थोड्यांसाठी उघडतं, हे त्यांना सांगायला मला जड गेलं असतं. पण बाहेर थांबलेली ही माणसं कशी आहेत, हे मी त्यांना मोठ्या डौलाने दाखवलं असतं. त्या दिवशी मला जितका अभिमान वाटला तितका कुठल्याही साहेबाच्या पंगतीत वाटलेला नाही.

माझी पंगत उठली नाही. पोरं दुसऱ्या दिवशीही अभ्यासिकेत गेली, भांडत भांडत जेवली, भात सांडला.

त्या आठवड्यात सगळ्यांत जुना मुलगा, ज्याला बाकीचे थट्टेने सर म्हणतात, जेवण झाल्यावर माझ्यापाशी येऊन उभा राहिला. त्याच्या कानशिलावरचे केस माझ्या मेसमध्ये पांढरे झालेत.

‘मावशी, येत्या रविवारी पुरण घालाल का?’

‘का? कुठला निकाल आहे?’

‘निकाल नाही,’ तो म्हणाला. ‘गावी शाळेजवळ झेरॉक्सचं दुकान टाकतोय. मलाही वाढून जायचंय.’

मी हो म्हटलं आणि आत जाऊन डब्यातली डाळ पाहिली. पुरली नसती, म्हणून जास्तीची आणली. आता डाळ मी पोत्यानेच आणते. पास होणारे थोडेच असतात, पण त्या रविवारपासून माझ्या मेसमधून कुणीही दुपारचं, तोंड लपवून गेलेलं नाही.